हरकती व सूचना

मूर्तिजापूरहून मुंबईला जाणाऱ्यांची कारणे बहुधा ठरलेली असतात. टाटा रुग्णालयात कोणाला तरी दाखवायला नेणे, आखातात निघालेल्या मुलाला विमानतळावर सोडणे, नाहीतर मुलीचे बाळंतपण. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे पिशव्या घेऊन निघालो तेव्हा गल्लीतल्या लोकांनी यातलेच एखादे कारण मनाशी धरले असावे. आम्ही मात्र एक अर्ज लिहायला चाललो होतो.

अर्ज खालांचा होता. खाला म्हणजे आमच्या मरहूम अम्मीच्या धाकट्या बहीण. माहेर मूर्तिजापूरचे, स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीतले. 1985 मध्ये लग्न होऊन त्या धारावीत गेल्या, त्या तिथल्याच झाल्या. सप्टेंबरमध्ये त्यांचा फोन आला. बोलतात त्या आपल्या वऱ्हाडी उर्दूत. इथे मराठीत देतो. "तुम्ही उर्दू शाळेत मराठी शिकवता ना बेटा? मग या आणि मला मराठीत लिहून द्या. इथं येतो तो प्रत्येक कागद मराठीत असतो. नातू वाचून दाखवतो, पण त्याचीही गाडी अडते."

गाडी कुठे अडते, असे आम्ही विचारले. नातवाने फोन घेतला आणि अडखळत वाचले, "हरकती व सूचना." नववीतला मुलगा, उर्दू माध्यमाचा. त्याने त्याचा अर्थ लावला होता तो असा : हरकत म्हणजे हालचाल आणि सूचना म्हणजे खबर. सरकार आपल्या हालचालींची खबर मागते आहे, असे समजून घरातले सगळे दोन दिवस घाबरून बसले होते.

आम्ही हसलो खरे, पण हसण्यासारखे त्यात फार नव्हते. उर्दूत हरकत म्हणजे हालचालच. मराठीत ती आक्षेप होते. हिंदीत सूचना म्हणजे माहिती, मराठीत ती सुचवलेली गोष्ट. दोन्ही शब्द आपल्या घरांत रोज वापरातले, आणि कचेरीच्या दारात त्यांचे अर्थ बदलतात. वीस वर्षे आम्ही हा विषय शिकवतो आहोत. हे दोन शब्द एकदाही फळ्यावर शेजारी लिहिले नव्हते.

गाडी संध्याकाळची होती. आमच्या स्टेशनचे रूप आता बदलले आहे. 22 मे 2025 रोजी देशातल्या 103 नूतनीकृत स्थानकांचे एकदम उद्घाटन झाले, त्यात मूर्तिजापूर जंक्शनही होते. जंक्शन हा शब्द आम्हाला मिळाला तो शकुंतलेमुळे. एका अंगाने यवतमाळ, दुसऱ्या अंगाने अचलपूर, अशी ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडातला कापूस मोठ्या रुळापर्यंत आणण्यासाठी इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने घातली. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावत होते. आता गाडी बंद आहे आणि रुळांच्या बाजूने गवत वाढते. खालांचे बालपण या रुळांच्या कडेचे. त्यांचे वालिद कापसाच्या गाठी चढवायचे. "शकुंतला चालू झाली का?" हा त्यांचा प्रत्येक फोनमधला पहिला प्रश्न असतो, आणि आमचे उत्तर ठरलेले आहे.

पहाटे दादरला उतरलो. आमच्या भागातल्या कित्येक घरांना हे स्टेशन माहीत आहे ते गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेमुळे. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग तिथे उतरतात. महाराजांचे गोरक्षण मूर्तिजापूरला, त्यामुळे हे नाव वाचले की मुंबईतही आपला माणूस भेटल्यासारखे वाटते. तिथून लोकलने पुढे माटुंगा आणि मग सायन. मराठीत या स्टेशनचे नाव शीव. शीव म्हणजे हद्द. एकेकाळी मुंबई बेटाची हद्द इथे संपत असे, आणि जे हद्दीच्या आत नको होते ते पलीकडे, खाडीच्या चिखलात, धारावीकडे ढकलले जाई. कातडी कमावण्याचे कारखाने असेच तिकडे आले. त्यांच्यामागून तिरुनेलवेलीकडचे तमिळ कामगार आले, मुसलमानही होते त्यांत. सौराष्ट्राचे कुंभार आले, त्यांचा कुंभारवाडा झाला. कोळी तर सगळ्यांच्या आधीपासूनच होते. इथली बडी मशीद 1887 ची आणि गणेश मंदिर 1913 चे सांगतात.

आता शहर पसरत पसरत शिवेच्या कितीतरी पलीकडे गेले आहे आणि धारावी बरोबर मध्यात आली आहे. पूर्वेला मध्य रेल्वेचे शीव, पश्चिमेला माहीम, मिठी नदी ओलांडली की वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. जमिनीखालून मेट्रो गेली आहे. आरेपासून कफ परेडपर्यंतचा तो मार्ग आम्ही पोहोचण्याच्या थोडेच दिवस आधी पूर्ण सुरू झाला होता, आणि त्यावर धारावी नावाचे स्टेशनही आहे. सहाशे एकरांच्या आसपासची ही जमीन इतक्या गाड्यांच्या तोंडाशी असल्यावर तिच्यावर उंच इमारतींचा आराखडा येणार, हे कळायला नगररचनाकार असावे लागत नाही.

खालांचे घर नव्वद फुटी रस्त्यावरून आत वळल्यावर चौथ्या गल्लीत. गल्ली म्हणजे दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने आडवे व्हायचे. खाली तमिळ अण्णांचे चामडी पर्सचे दुकान आणि मागे त्यांची खोली. बाहेरून लोखंडी शिडी. शिडी चढून गेले की खाला, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. खोली आम्ही पावलांनी मोजली, साधारण बारा बाय दहा. एका भिंतीला गॅस, दुसऱ्या भिंतीला शिलाई मशीन. त्यावर सून पर्सच्या आतले अस्तर शिवते. पर्सचे वरचे कातडे खाली अण्णांच्या दुकानात कापले जाते, सून शिडीवरून वाकून गठ्ठा घेते आणि संध्याकाळी शिवलेला गठ्ठा दोरीने खाली सोडते. संडास गल्लीच्या तोंडाशी, सार्वजनिक. खालांचे गुडघे गेली चार वर्षे दुखतात. रात्री त्या पाणी पीत नाहीत, शिडी उतरावी लागू नये म्हणून.

हे आधी सांगण्याचे कारण असे की पुनर्विकास म्हटले की विरोध, असे चित्र आम्हीही मनात घेऊन गेलो होतो. खालांनी पहिल्याच चहाला ते पुसून टाकले. "मला बिल्डिंग पाहिजे. संडास घरात पाहिजे. लिफ्ट पाहिजे. कोण नाही म्हणतं? मला फक्त एवढंच विचारायचं आहे की त्या बिल्डिंगमध्ये मी आहे का."

त्या आहेत का? योजनेचे नियम सरकारने जाहीर केलेले आहेत, ते थोडक्यात असे. तळमजल्यावर 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर धारावीतच 350 चौरस फुटांचे घर मोफत. त्यानंतर आणि 1 जानेवारी 2011 पर्यंत आलेला तळमजला असेल तर धारावीबाहेर 300 चौरस फूट, अडीच लाख रुपयांत. आणि वरच्या मजल्यावरचे लोक, 15 नोव्हेंबर 2022 पर्यंतचे, धारावीबाहेर भाड्याने, पुढे हप्त्यांनी विकत घेता येईल अशा घरात. यापूर्वीच्या झोपडपट्टी योजनांत माळ्यावरच्यांना काहीच मिळत नसे, तेव्हा एका अर्थी ही सुधारणा आहे. पण खालांनी हा माळा 1998 मध्ये अण्णांकडून स्टॅम्प पेपरवर विकत घेतला. सत्तावीस वर्षे झाली. त्यांच्या पायाखालच्या फळ्यांच्या खाली राहणारे अण्णा धारावीत राहणार आणि फळ्यांच्या वर राहणाऱ्या खाला बाहेर जाणार. बाहेर म्हणजे कुठे? देवनारच्या कचराभूमीची, मुलुंड-भांडुपकडच्या मिठागरांची, कुर्ल्याच्या डेअरीची जमीन या कामासाठी चर्चेत आहे. तिथून दोरीने गठ्ठा खाली सोडता येणार नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना चटई क्षेत्र निर्देशांक हा शब्द वर्तमानपत्रात भेटला असेल आणि त्यांनी तो ओलांडून पुढची ओळ वाचली असेल. आम्हीही तेच करत होतो. वर्गात सांगतो तसे सांगायचे तर, शंभर फूट जमिनीच्या तुकड्यावर एकूण किती फूट चटया अंथरायची परवानगी आहे, त्याचा हा आकडा. एक असेल तर शंभर फूट. चार असेल तर चारशे, म्हणजे त्या चटया एकावर एक मजल्यांतच अंथराव्या लागणार. धारावीसाठी हा आकडा चार धरलेला आहे. जे मजले तिथे चढवता येणार नाहीत त्यांचा हक्क मुंबईत दुसरीकडे विकताही येतो. थोडक्यात, स्टेशनाजवळची जमीन जितकी महाग, तितक्या तिथे चटया जास्त. काही चटया राहणाऱ्यांच्या, उरलेल्या विकायच्या. विकलेल्या चटयांच्या पैशातून राहणाऱ्यांची घरे उभी राहायची. हिशेब वाईट नाही. भांडण फक्त एवढ्याचेच असते की राहणारे किती, हे कोण मोजणार.

आणि या मोजणीचा धारावीत जुना इतिहास आहे. 1985 मध्ये राजीव गांधींनी मुंबईसाठी शंभर कोटींची योजना जाहीर केली, त्यातला एक हिस्सा धारावीचा होता. किती कुटुंबे आहेत याचा सरकारी अंदाज आला तेव्हा वस्तीतल्या लोकांना तो पटला नाही. मग 1986 मध्ये राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाच्या कार्यकर्त्यांनी आणि रहिवाशांनी मिळून स्वतःच घरोघरी फिरून मोजणी केली. संख्या सरकारी अंदाजापेक्षा कितीतरी मोठी निघाली, पाच लाखांच्या वर माणसे. त्यातले ए. जोकिन म्हणजे जोकिन अर्पुथम, ज्यांना पुढे 2000 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिक्षकांना जनगणनेच्या कामावर धाडतात तेव्हा आम्ही कुरकुर करतो. इथे लोकांनी कोणी न सांगता ते काम अंगावर घेतले होते, कारण कागदावर नसलेले घर पाडायला परवानगी लागत नाही, हे त्यांना कळले होते.

त्यानंतर 2004 मध्ये सरकारने सगळ्या धारावीचा एकत्रित पुनर्विकास ठरवला. 2007 मध्ये जगभरातून बांधकाम कंपन्यांना बोलावणे गेले, तेव्हा धारावीकर काळे झेंडे घेऊन रस्त्यावर आले. इतर झोपडपट्टी योजनांत रहिवाशांची ठरावीक टक्के संमती घ्यावी लागते; हा सरकारचाच खास प्रकल्प म्हणून इथे ती अट नव्हती. राग त्याचा होता. 2009 मध्ये सरकारनेच नेमलेल्या, माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या तज्ज्ञ समितीने या योजनेवर इतकी कडक टीका केली की वाचणाऱ्याने दचकावे. निविदा निघाल्या, रद्द झाल्या. 2018 ची निविदाही रद्द झाली. 2022 मध्ये अदानी समूहाची 5,069 कोटींची बोली सर्वांत मोठी ठरली, मार्च 2024 मध्ये घरांचे सर्वेक्षण सुरू झाले, मे 2025 मध्ये बृहत् आराखड्याला मुख्यमंत्र्यांची मंजुरी मिळाली. या वीस वर्षांत आधी 225 चौरस फुटांची भाषा होती, मग 300 ची, आता 350 ची. धारावी बचाव आंदोलन 500 मागते आहे, तेही सर्वांना धारावीतच.

हे सारे आम्हाला एका सभेत कळले. सभा हा शब्द मोठा झाला. रविवारी मगरिबनंतर अण्णांच्या दुकानात शटर अर्धे ओढून गल्लीतली वीस-बावीस माणसे जमली. पुरुष स्टुलांवर आणि कातड्याच्या गठ्ठ्यांवर, बायका दारात आणि दाराबाहेर. त्यांच्या गल्लीची पात्र-अपात्र यादी अजून लागायची होती. सरकारी भाषेत तिला परिशिष्ट-2 म्हणतात. आधी प्रारूप यादी लागते, तिच्यावर हरकती घेता येतात, मग अंतिम यादी, आणि तीही मान्य नसेल तर अपील.

अण्णा निवांत होते. त्यांच्याकडे 1976 च्या झोपडी गणनेचा फोटोपास आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीवर दुसरी पिशवी. काळजी त्यांना दुकानाची. घर वर जाईल, पण गिऱ्हाईक लिफ्टने वर येणार का? एक सोलापूरकडच्या बाई माटुंग्यात चार घरांची कामे करतात, चालत जातात. "मुलुंडहून चार घरं धरता येत नाहीत," एवढेच त्या बोलल्या. एका म्हाताऱ्या चाचांनी सांगितले की 2004 पासून ते अशा सभांना येतात, आणि सभेपेक्षा चहा बरा असतो. चहा आणून देणारी दोन पोरे बिहारची होती. ती कारखान्यातच काम करतात आणि कारखान्यातच झोपतात. त्यांना कोणी काही विचारले नाही, आम्हीही नाही. गाडीत बसल्यावर ते लक्षात आले.

तळमजलेवाले आणि माळेवाले यांच्यात थोडी चकमक झाली. तळमजल्यावरचा एक तरुण म्हणाला, माळेवाल्यांच्या मागण्या जोडल्या तर आमचेही काम लांबेल. तो चुकीचे बोलत नव्हता. तेवढ्यात मागून खालांचा आवाज आला. त्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या, ना खाली ना वर. "तू लहान असताना तुझी अम्मी कामावर जायची तेव्हा तुला वरच ठेवायची बाबा. तेव्हा माळा धारावीत होता." लोक हसले, तरुणही हसला. चकमक मिटली नाही, पण आवाज खाली आले.

दुसऱ्या दिवशी खालांचा गुडघा दाखवायला जे. जे. रुग्णालयात गेलो. तिथून भेंडी बाजार पाच मिनिटांवर. म्हटले, बघून येऊ, बांधून झालेले कसे दिसते ते. साडेसोळा एकरांचा हा पुनर्विकास दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुरहानी उत्थान ट्रस्टने 2009 मध्ये हाती घेतला. अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, तीन हजारांवर कुटुंबे, बाराशेच्या वर दुकाने. अल-सआदा नावाचे पहिले दोन मनोरे 2020 मध्ये पूर्ण झाले. तिथे भाडेकरूंची संमती मिळवावी लागली, घरोघर जाऊन समजूत घालावी लागली, त्यात वर्षे गेली. आणि त्या वर्षांत, 31 ऑगस्ट 2017 रोजी, याच योजनेतली पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. 33 माणसे गेली. काही कुटुंबे आधीच हलली होती, काही मागे राहिली होती.

ती जागा कुठली, हे आम्ही कोणाला विचारले नाही. खाला मात्र बराच वेळ गप्प होत्या. आदल्या रात्री आम्ही त्यांच्या अर्जाचा कच्चा मसुदा केला होता, त्यात "तीव्र विरोध" असा शब्द घातला होता. रस्ता ओलांडताना त्या म्हणाल्या, "तो शब्द काढून टाका. थांबणाऱ्या घरांवर छत पडतं." मग त्यांनी नव्या मनोऱ्यातून खाली उतरलेल्या एका बाईंना सरळ गाठले आणि विचारले, कसे वाटते? त्या बाई पिशवी सावरत म्हणाल्या, सवय झाली, लिफ्टची पण आणि शांततेची पण. भाजीवाल्याची हाक वर येत नाही, म्हणून खाली उतरते. खालांनी यावर मान डोलावली, जणू हाही मुद्दा अर्जात घालायचा होता.

अर्ज लिहायला बसलो तेव्हा खरी अडचण कागदांची निघाली, आणि ती आपल्या बहुतेक घरांत असणार म्हणून सविस्तर लिहितो. रेशनकार्डावर खालांच्या नावापुढे "बी". विजेच्या बिलावर मरहूम खालूंचे नाव. मतदार यादीत "बेगम". आधारवर नाव आहे, पुढे "शेख". शाळेच्या दाखल्यावर वालिदांचे नाव आणि गाव "मुर्तजापूर", बाकी सरकारी कागदांवर "मूर्तिजापूर". चार कागद, चार बायका. खाला प्रत्येक कागद हातात घेऊन "ही पण मीच" म्हणत होत्या. खालूंना जाऊन नऊ वर्षे झाली, पण बिल त्यांच्याच नावाने भरले जात होते, कारण बदलायला कोण जाणार. 1998 चा स्टॅम्प पेपर तांदळाच्या डब्यात होता. घडीवर फाटला होता, पण सह्या शाबूत.

बी, बेगम, बानो, खातून हे शब्द आपण मुलींच्या नावांना मायेने लावतो आणि कारकून जसे ऐकतो तसे लिहितो. पुढे तीस-चाळीस वर्षांनी घराचा प्रश्न येतो तेव्हा त्या अक्षरांना हिशेब द्यावा लागतो. ही सगळी नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र आम्ही खालांकडून करून घेतले. वकिलाकडे अर्धा दिवस गेला. मुलगा म्हणाला, एवढे कशाला, ओळखीचा माणूस आहे, सांगून टाकू. खालांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो गठ्ठा बांधायला खाली निघून गेला.

मग अर्ज. विषय : हरकत व सूचना. नातवाने विचारले, विरोध नाही तर मग हरकत कशाला? आम्ही त्याला सांगितले की मराठीतली हरकत म्हणजे "इथे माझे काही म्हणणे आहे" एवढेच. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे आपण हललो, हे त्यांना कळलं पाहिजे." उर्दूचा अर्थ त्याने सोडला नव्हता. आम्हीही सोडवला नाही.

पहिल्या भागात नुसत्या तारखा आणि सोबत जोडलेले कागद. दुसऱ्या भागात त्यांचे म्हणणे : तळमजल्याच्या मालकाने 1998 मध्ये विकलेल्या माळ्यावर मी तेव्हापासून राहते, माझ्या सुनेचे काम खालच्या दुकानावर आणि नातवाची शाळा याच वस्तीवर अवलंबून आहे, धारावीबाहेर पाठवण्याआधी माझ्या प्रकरणाचा स्वतंत्र विचार व्हावा. तिसरा भाग सूचनांचा. तो आम्ही दोन ओळींत उरकणार होतो. खालांनी पानभर सांगितला. मजल्यामजल्यावर बायकांना बसून शिवण, जरी, पापड करता येईल अशी एक मोकळी खोली असावी, कारण साडेतीनशे फुटांत मशीन ठेवले तर माणूस झोपणार कुठे. वीज गेली तर लिफ्ट चालावी. देखभालीचा खर्च पहिली दहा वर्षे द्यावा लागणार नाही म्हणतात, तर अकराव्या वर्षी किती येईल ते आजच लिहून सांगावे. सर्वेक्षणाला येतील तेव्हा घरातल्या बाईशीही बोलावे, कारण दिवसा पुरुष कामावर असतात. आणि नवीन इमारतीत शेजारी तेच असावेत, निदान गल्लीतले.

शेवटचे वाक्य आम्ही गाळू पाहत होतो. शेजाऱ्यांचा मुद्दा नियमात बसत नाही, असे म्हणालो. "नियमात बसत नाही ते सूचनेत लिहितात, असं तुम्हीच सांगितलं," खाला म्हणाल्या. वाक्य राहिले.

बुधवारी अर्ज दिला. खिडकीवरच्या माणसाने पाने मोजली, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारला आणि परत दिली. हिला पोच म्हणतात. उत्तर काय येईल ते आम्हाला ठाऊक नाही, आणि नियम आजचे आजच बदलतील असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. परत आलो तर शिडीखाली तीन बायका आपापल्या पिशव्या घेऊन उभ्या. सोलापूरच्या बाई त्यांत होत्या. एक तमिळ बाई होत्या, त्यांच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांची तर वेगळीच कहाणी. निघेपर्यंत आम्ही सात अर्ज लिहिले. शेवटचे दोन नातवाने लिहिले, आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले.

निघायच्या रात्री खालांनी सहज विचारले, "तुमचं स्टेशन नवीन झालं ना? तेव्हा तुम्ही काय लिहून दिलं होतं?"

काही नाही, आम्ही म्हणालो.

"काहीच नाही? शकुंतलेचं पण नाही?"

काय सांगणार? कायद्याने गावाचा विकास आराखडा लागतो तेव्हा ठरावीक दिवसांच्या आत हरकती व सूचना मागवतात, तशी जाहिरात वर्तमानपत्रात येते. वर्तमानपत्र आमच्या घरी रोज येते. जाहिरातींची पाने आम्ही मसाल्याच्या कपाटात अंथरतो. मराठीचे शिक्षक असून.

आता मूर्तिजापूरला येऊन तीन आठवडे झाले. काल खालांचा फोन आला. यादी अजून लागलेली नाही. गुडघा तसाच आहे. पोच त्यांनी लॅमिनेट करायला दिली होती, दुकानदाराने घडीसकट दाबली, त्यामुळे तारीख अर्धीच दिसते. चालेल का, असे त्या विचारत होत्या. आम्ही म्हटले, आमच्याकडे झेरॉक्स आहे, पाठवतो. पण मूळ कागद यापुढे लॅमिनेट करू नका, कोणाला करूही देऊ नका.

"बरं," खाला म्हणाल्या. "अण्णा फोटोपास घेऊन तिकडेच निघालेत. थांबा, हाक मारते." आणि फोन तसाच चालू ठेवून त्या शिडीकडे गेल्या.